कोण कशासाठी खेळतं

१९८९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या ‘मड-२’ नावाच्या ऑनलाइन खेळात एक वाद पेटला आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत तो धुमसत राहिला. या खेळाला चित्रं नव्हती की आवाज नव्हता. तुम्ही कुठं उभे आहात, समोर काय आहे, शेजारी कोण आहे, एवढा मजकूर पडद्यावर उमटायचा आणि खेळणाऱ्यानं आपलं पुढचं पाऊल टाइप करायचं. वाद घालणारे सगळे मुरलेले गडी. खेळात वरच्या पायरीला पोचलेल्यांना तिथं ‘विझर्ड’ म्हणत, हे त्यांतलेच. वादाचा मुद्दा एकच : माणसांना या खेळातून हवं तरी काय असतं? खेळाचे एक कर्ते रिचर्ड बार्टल यांनी ती सगळी मतं गोळा केली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ही मंडळी एका खेळाबद्दल भांडतच नाहीत. ज्याला त्याला आपण खेळतो तोच खरा खेळ वाटतो आहे.

या विषयाचा अभ्यास खेळणाऱ्यांच्या आपापसातल्या भांडणातून सुरू झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे हा प्रश्न विचारला जातो तो दाराबाहेरून. ‘काय ठेवलंय एवढं त्या मोबाइलात?’ विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचं नसतं, आणि ऐकायचंच असलं तर एकच हवं असतं. नाद लागलाय. एकटा पडलाय. अभ्यास नकोय. एका उत्तराचा हा हट्ट सोडल्याशिवाय विषयात शिरताच येत नाही, अशी या लेखसंग्रहाची धारणा आहे. एकाच मैदानात, एकाच नियमांखाली, एकाच वेळी माणसं निरनिराळे खेळ खेळत असतात, आणि एकाच्या खेळाची झळ दुसऱ्याच्या खेळाला लागते.

आधी थोडा इतिहास. पहिलं ‘मड’ १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं लिहायला घेतलं. पुढं ते बार्टल यांच्याकडे आलं. विद्यापीठाचा संगणक दिवसा कामात असायचा, म्हणून बाहेरच्या हौशी लोकांनी रात्री उशिरा मोडेम जोडायचा आणि पहाटेपर्यंत खेळायचं. टेलिफोनचं बिल भरून, झोप मोडून, पडद्यावरची अक्षरं वाचत जागणारी ही माणसं पाहिली की ‘आजकालच्या पोरांना’ हा शब्दप्रयोग जरा जपून वापरावासा वाटतो. पुढच्या दहा-बारा वर्षांत ‘मड’ची पिलावळ वाढली आणि तिचे दोन तट पडले. १९८९ मध्ये अमेरिकेत जेम्स ॲस्पनेस यांनी ‘टायनीमड’ केलं. त्यात राक्षस मारणं, गुण मिळवणं जवळजवळ नाहीच. लोकांनी यायचं, खोल्या बांधायच्या, गप्पा मारायच्या. त्यानंतर लवकरच कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’ काढलं. तिथं उलट : लढा, लेव्हल वाढवा, पुन्हा लढा. आज कोट्यवधी माणसं ज्या धर्तीचे खेळ खेळतात त्यांतले बरेचसे या दुसऱ्या घराण्यातले आहेत. पण पहिलं घराणं संपलं नाही. ते दुसऱ्याच्या पोटात राहायला गेलं, आणि म्हणून लढाईच्या खेळातही निम्मा वेळ गप्पा चाललेल्या दिसतात.

१९९६ मध्ये बार्टल यांनी आपलं निरीक्षण लेखरूपात मांडलं आणि खेळाडूंना पत्त्यांचे चार रंग वाटून दिले. चौकट म्हणजे कमावणारे : गुण, खजिना, वरची पायरी. इस्पिक म्हणजे धुंडाळणारे. त्यांना नकाशाचा कोपरान् कोपरा आणि नियमांमधल्या फटी पाहायच्या असतात. बदाम म्हणजे माणसांसाठी आलेले. खेळ हे त्यांना भेटीचं निमित्त. आणि किलवर म्हणजे दुसऱ्यांवर कुरघोडी करण्यात ज्यांना रस आहे ते. यांना बार्टल सरळ ‘मारेकरी’ म्हणतात, पण हत्यार उचललंच पाहिजे असं नाही; नको असलेली मदत करून समोरच्याला हैराण करणारेही यातच बसतात. विभागणीमागं दोन साधे प्रश्न आहेत. तुमचं लक्ष जगावर आहे की त्यातल्या माणसांवर? आणि तुम्हाला त्याच्यावर काही करायचंय, की त्याच्यासोबत?

हे चार रंग जगभर गाजले. त्यावरून प्रश्नावली निघाली आणि लोक रास सांगावी तसे आपला प्रकार सांगू लागले. बार्टल यांचा आराखडा आभासी जगांसाठी होता, वाटेल त्या खेळासाठी नव्हता, हे ते स्वतः सांगत राहिले, ऐकतो कोण. या सगळ्या गाजावाजात लेखाचा उत्तरार्ध मात्र मागं पडला, आणि माझ्या मते खरा ऐवज तिथंच आहे. चार प्रकारांचे लोक एका जगात राहिले की एकाची संख्या दुसऱ्याच्या संख्येवर कशी परिणाम करते, याचा हिशेब त्यांनी तिथं मांडला आहे. मारेकरी वाढले की गप्पांसाठी आलेले निघून जातात. ते गेले की जग ओकंबोकं होतं. कमावणारे फार झाले तर मारेकऱ्यांना सावज मिळतं आणि तेही वाढतात. खेळाडूची प्रेरणा केवळ त्याच्या डोक्यात नसते, ती आजूबाजूला कोण आहे यावरही ठरते, हे सांगणारी ही सुरुवातीची एक मांडणी.

तिचा पडताळा लगेच आला. १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ची चाचणी चालू असताना खेळाचे निर्माते रिचर्ड गॅरियट आपल्या राजाच्या वेषात प्रजेसमोर आले आणि एका खेळाडूनं आगीचा मंत्र टाकून त्यांना ठार केलं. राजाला मरण येऊ नये अशी सोय होती, ती त्या दिवशी चालू नव्हती. हा किस्सा हसून सांगितला जातो. पण खेळ सुरू झाल्यावर नवख्यांना गावाच्या वेशीबाहेर पाऊल टाकताच लुटलं जाऊ लागलं, तेव्हा कंपनीला हसण्यासारखं काही उरलं नाही. अखेर २००० मध्ये त्यांनी जगाच्या दोन प्रती केल्या. एकीत परवानगीशिवाय कोणी कोणाला मारू शकत नव्हतं, दुसरीत पूर्वीचाच जंगलचा कायदा. बहुसंख्य लोक सुरक्षित प्रतीत गेले. जुन्या प्रतीत उरलेले शिकारी मग तक्रार करू लागले की आता मजा राहिली नाही.

बार्टल यांच्यावरचा मोठा आक्षेप संख्याशास्त्रातून आला. निक यी या तरुण संशोधकानं १९९९ च्या सुमारास ‘एव्हरक्वेस्ट’ या ऑनलाइन खेळाच्या खेळाडूंना प्रश्नावल्या पाठवायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं तो उद्योग चालू ठेवला. २००६ मध्ये सुमारे ३००० खेळाडूंच्या उत्तरांवरून त्यानं दाखवलं की माणूस एका खान्यात बसत नाही. कमावण्याची हौस असलेला गप्पिष्टही असू शकतो. एक वाढलं म्हणून दुसरं घटत नाही. त्याला प्रेरणांचे दहा धागे सापडले आणि ते तीन पेडांत गुंफलेले दिसले : यश, माणसं, आणि त्या जगात बुडून जाणं. शेवटच्या पेडात शोध, सोंग घेणं, आपलं पात्र नटवणं आणि घरच्या-दारच्या कटकटींतून सुटका, एवढं सगळं आलं. त्याची आणखी एक नोंद मला वारंवार सांगावीशी वाटते. पुरुषांना जिंकायचं असतं आणि बायकांना बोलायचं असतं, या लाडक्या समजुतीत त्यानं वय घातलं. यशाच्या ओढीतला फरक लिंगापेक्षा वयानं जास्त उलगडतो असं दिसलं. वीस वर्षांचा मुलगा जिंकायला धडपडतो ते तो मुलगा आहे म्हणून जितकं, त्याहून अधिक तो वीस वर्षांचा आहे म्हणून.

मानसशास्त्रज्ञांचं घराणं वेगळ्या वाटेनं आलं. रिचर्ड रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तेही २००६ मध्येच, खेळांना स्वयंनिर्धारणाचा जुना सिद्धांत लावला. माणसाला आपल्या मर्जीनं वागायला हवं असतं, काहीतरी जमायला हवं असतं आणि कोणाशी तरी जोडलेलं राहायला हवं असतं. खेळ या तिन्ही भुका भागवतो तेवढा तो ओढतो. मांडणी नेटकी आहे, मात्र ती इतकी सर्वसमावेशक आहे की शाळा, नोकरी आणि भजनी मंडळही तिच्यात मावतं. म्हणून तिच्याविषयी इथं फार लिहीत नाही.

या सगळ्यांच्या आधीचे दोन युरोपीय विचारवंत मात्र विसरून चालणार नाहीत. योहान हौझिंगा यांनी १९३८ मध्ये खेळ हा संस्कृतीचा पायाच असल्याचं मांडलं, आणि रोजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे चार गुण सांगितले : स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवंड. आपल्या वाचकाला हे समजवायला वेळ लागत नाही. आट्यापाट्या, सारीपाट, बोहाडा आणि फुगडी डोळ्यांसमोर आणली की काम झालं. कायवांचं वर्गीकरण खेळांचं आहे, खेळणाऱ्यांचं नाही. तरी भारतातल्या ताज्या वादात सर्वांत कामाला तेच येतं. त्याकडे पुढं वळू.

प्रश्नावलीतून जे निसटतं ते पाहायला कधीकधी एकच घटना पुरते. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हक्कार नावाच्या नव्या राक्षसाशी लढताना खेळाडूंना एक संसर्गजन्य शाप लागायचा. तो त्या लढाईच्या जागेपुरता राहावा असा बेत होता. पण पाळीव प्राण्यांबरोबर तो बाहेर पडला आणि गजबजलेल्या शहरांत पसरला. कमी लेव्हलची पात्रं पटापट मरू लागली, रस्त्यांवर सांगाडे पडले. त्यानंतरचं माणसांचं वागणं बघण्यासारखं होतं. काही खेळाडू उपचार करायला धावले आणि त्या नादात स्वतः रोग पुढं नेऊ लागले. काही गाव सोडून रानात पळाले. काही मुद्दाम आजारी होऊन गर्दीत शिरले. आणि बरेच जण नुसतं काय चाललंय ते बघायला आले नि बाधित होऊन परतले. साथरोगाच्या अभ्यासकांनी या घटनेवर शास्त्रीय नियतकालिकांत लेख लिहिले. या ‘बघ्यांचा’ विचार आपल्या आराखड्यांत नव्हता असं त्यांच्या ध्यानात आलं. खेळ एक, आपत्ती एक, आणि प्रत्येकजण त्यातून आपापला खेळ काढून खेळला. कंपनीला शेवटी सर्व्हर पूर्ववत करावे लागले.

वस्तीला जाऊन राहणाऱ्या अभ्यासकांनी असे तपशील जास्त टिपले. टी. एल. टेलर ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये राहिल्या. आकडेमोड करून, तासन् तास राबून, भुवया आक्रसून खेळणाऱ्यांना त्यात मौज कशी वाटते हे त्यांनी उलगडलं, आणि ‘बायका असले खेळ खेळत नाहीत’ या समजुतीची चांगली झडती घेतली. बॉनी नार्डी यांनी ‘वॉरक्राफ्ट’मध्ये मुक्काम केला, त्या चीनमध्ये जाऊन तिथल्या खेळाडूंमध्येही मिसळल्या. ‘वॉरक्राफ्ट’च्याच नोंदी तपासणाऱ्या दुसऱ्या एका गटाला आढळलं की हजारोंच्या जगात लोक बराच वेळ एकेकटे खेळतात. त्यांना सोबत हवी असते, पण ती बाजारात फिरताना असते तशी. आजूबाजूला माणसं असावीत, बोललंच पाहिजे असं नाही.

आणि मग मॅट्स स्टीन. नॉर्वेचा हा तरुण स्नायू क्षीण करणाऱ्या आनुवंशिक आजारानं खुर्चीला खिळला होता. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. मुलगा एकटेपणात, पडद्यासमोर आयुष्य घालवून गेला, मैत्री-प्रेम काही त्याच्या वाट्याला आलं नाही, असं आईवडिलांना वाटत होतं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर मृत्यूची बातमी टाकली आणि निरनिराळ्या देशांतून पत्रं येऊ लागली. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये तो इबेलिन नावाचा गुप्तहेर होता. त्याच्या गिल्डमधल्या, म्हणजे खेळातल्या संघातल्या, लोकांचं तो ऐकून घेई, सल्ले देई, भांडणं सोडवी, प्रेमातही पडे. अंत्यविधीला त्यांतले काही जण परदेशांतून आले. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपट निघाला, म्हणून आता ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती इथं सांगण्याचं कारण तिचा गहिवर नव्हे. मॅट्स कोणत्या रंगाचा पत्ता? माणसांसाठी आलेला म्हणावं तर त्याचं सोंग त्याला माणसांइतकंच हवं होतं. सुटकेसाठी आलेला म्हणावं तर त्यानं तिथं जबाबदाऱ्या अंगावर घेतल्या. ‘सुटका’ हा धागा प्रश्नावलीत एका रकान्यात बसतो. प्रत्यक्षात कशातून सुटून कशात अडकला हे विचारावं लागतं.

प्रेरणांच्या या सगळ्या आराखड्यांत एक मोठं भगदाड आहे, ते पैशाचं. खेळातलं सोनं खणून खऱ्या पैशाला विकणारे चिनी कामगार या शतकाच्या सुरुवातीपासून पाळीपाळीनं राबत होते. शेजारच्या पडद्यावर तोच खेळ विरंगुळा म्हणून खेळणारा अमेरिकन त्यांच्या नावानं बोटं मोडायचा. २०२१ मध्ये फिलिपिन्समध्ये ‘ॲक्सी इन्फिनिटी’ खेळून घर चालवायची लाट आली. त्या नाण्याचा भाव कोसळला तशी ती ओसरली. दुसऱ्या बाजूनं, फुकट मिळणाऱ्या खेळांनी प्रेरणा तयार करण्याचं तंत्रच विकसित केलं. रोज हजेरी लावली तर बक्षीस, हंगाम संपण्याआधी पास पूर्ण केला नाही तर स्किन गेली. अशा वेळी ‘तू का खेळतोस’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘आज नाही खेळलो तर सलग हजेरी तुटेल’ असं असू शकतं. बार्टल यांच्या काळी खेळाडू काय मागतो ते कर्ता पाहत होता. आता काय मागायचं हेही बऱ्याच अंशी कर्ता ठरवतो, आणि खेळाडूंच्या प्रेरणा मोजून देणं हा स्वतंत्र धंदा झाला आहे.

भारताची वाट निराळी आहे. आपल्याकडे घरोघरी संगणक आलेच नाहीत. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणारी एक शहरी पिढी होती. त्यानंतर एकदम २०१६ चा स्वस्त डेटा आणि २०१८ चा ‘पबजी मोबाइल’. मधल्या चाळीस वर्षांचा पाश्चात्त्य इतिहास वगळून लाखो मुलं थेट मैदानात उतरली. सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी’वर बंदी आली, २०२१ मध्ये तो ‘बीजीएमआय’ नावानं परतला, २०२२ मध्ये पुन्हा दिसेनासा झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. याच काळात, टाळेबंदीत, नवी मुंबईत तयार झालेला ‘लुडो किंग’ घरोघरी खेळला जात होता. नातवाला मोबाइलवरून रागावणारे आजोबा रात्री पुण्याहून ह्यूस्टनच्या लेकीची सोंगटी मारत होते, आणि आपण ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम खेळतो आहोत असं त्यांना कोणी म्हणालं असतं तर पटलं नसतं.

‘बीजीएमआय’मध्ये विमान एरांगेल या नकाशावरून जाताना उडी कुठं मारायची यावर चौघांची जी वादावादी होते ती एकदा कान देऊन ऐकावी. एकाला रँक पुश करायची आहे. त्याला कडेच्या शांत वस्तीत उतरून, लूट गोळा करून, शेवटच्या झोनपर्यंत लपतछपत टिकायचंय. दुसरा म्हणतो पोचिंकीच, कारण तिथं दोन मिनिटांत गोळीबार सुरू होतो, मेलो तरी बेहत्तर. तिसरा क्लासमधली कालची भानगड सांगतोय. नॉक झाला तरी त्याच सुरात ‘रिव्हाइव्ह दे रे’ म्हणतो आणि गोष्ट पुढं चालू. चौथा चुलतभाऊ. त्याला खेळता येत नाही, आवडही नाही, पण त्याला घेतलं नाही तर काकूंचा फोन येतो, आणि एकटा बाहेर राहायला त्यालाही नको असतं. ही प्रेरणा बार्टल यांच्या पत्त्यांत नाही, यीच्या दहा धाग्यांतही नीट नाही. आपल्याकडे ती सर्रास दिसते. तोच रँकवाला रात्री एकटा रँडम लोकांशी खेळताना पोचिंकीत उतरतो, ही आणखी वेगळी गंमत.

आज हे पुस्तक काढण्याची निकड दोन कारणांनी वाटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश झाला आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. व्याख्या कडक आहे : खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं, तेही साधारण वर्षभर. घरांत मात्र हा शब्द व्याख्या सोडून पोचला आहे. दुसरं कारण म्हणजे ऑगस्ट २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये म्हटलं होतं, आणि त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं आपले वकील स्पर्धा आणि नशीब यांच्यातली कायवांची सीमारेषा न्यायालयात आखत राहिले. नव्या कायद्यानं तो प्रश्नच बाजूला सारला : कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून जिंकण्याचा ऑनलाइन खेळ बंद, ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळ यांना मात्र वाव. खेळात काय आहे याऐवजी खेळणारा काय पणाला लावतो, काय मिळवू पाहतो, यावर रेषा ओढली गेली. प्रेरणेचा विषय अभ्यासिकेतून निघून थेट राजपत्रात पोचला म्हणायचा.

या संग्रहात अभ्यासक आहेत, खेळ बनवणारे आहेत, खेळणारे आहेत आणि मुलांच्या खेळण्यानं जेरीला आलेले पालकही आहेत. त्यांना एका सैद्धांतिक दाव्याला बांधलेलं नाही. कोणी चार रंग वापरतं, कोणी ते मोडीत काढतं. खेळाडूंचे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत. ‘कॅम्प करणं’ किंवा ‘रश’ यांचं शुद्ध मराठी करण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. मुलींच्या अनुभवांना जास्त पानं दिली आहेत, कारण माइक चालू केला की काय ऐकावं लागतं या भीतीनं गप्प बसून खेळणाऱ्या मुली सर्वेक्षणांत ‘संवादात रस नसलेल्या’ म्हणून मोजल्या जाण्याचा धोका असतो. व्यसनाविषयीचा भाग मुद्दाम शेवटी आहे. आधी वाचला तर बाकीचं सगळं त्याच चष्म्यातून दिसतं.

पैशांच्या खेळांवरचे दोन लेख एकमेकांच्या विरोधात जातात. एका लेखकाला बंदी हवी होती. दुसऱ्याच्या मते बंदीनं खेळणारा थांबत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. दोघांनी एकमेकांचे लेख वाचले, आपापल्या लेखात दुरुस्त्या केल्या आणि मत बदललं नाही. लेख तसेच, पाठोपाठ छापले आहेत.